पंचमाशेजारचं हमिंग

जुन्या ट्रान्झिस्टर इक्वलायझरचा विषय निघाला की लोक त्याच्या उबदार आवाजाचं कौतुक करतात. आवाज गोड लागतो हे खरंच. पण मास्टरिंगला बसल्यावर मला त्याचं मोल कळतं ते वजाबाकीत.

कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब राहून गेले, देवल क्लबातलं गाणं ऐकत पिढ्या वाढल्या. त्यामुळे माझ्याकडे बैठकींच्या जुन्या टेपा येतात, आणि पुष्कळ टेपांत विजेचं हमिंग असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. गवई काळी एकमध्ये गात असेल तर तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झला बोलते, खरज ६९ला. म्हणजे हमिंग पंचमाला अगदी खेटून. साधं बासचं बटण फिरवलं तर त्याच्याबरोबर तंबोऱ्याचा पायाच जातो.

जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ मध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा निबंध मांडला. फ्रिक्वेन्सी कोणती, किती डेसिबल आणि पट्टा किती रुंद, हे तिन्ही एकमेकांना धक्का न लावता ठरवता येतं. माझं यंत्र त्याच घराण्यातलं. त्याचं बटण सरकत नाही. टक्, टक् करत अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या टप्प्यावर बसतं. डावी-उजवी बाजू जुळते, आणि लावलेलं सेटिंग पुढे कधीही तसंच परत लावता येतं.

५०ला मी मोकळ्या हातानं कापतो. १००ला मात्र अरुंद पट्टा धरून एकेक टप्पा खाली येतो. जवारीचा झंकार तसाच राहतो, तो फसवतो. कान ठेवायचा भोपळ्याच्या घुमाऱ्यावर. घुमारा पातळ झाला की एक टप्पा मागे. थोडं हमिंग उरतं. उरू द्यावं.

यंत्राचीही निगा हवी. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले की तेच १०० हर्ट्झचं हमिंग यंत्रच घालू लागतं. आमच्या पावसाळ्यात स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, टप्पा बदलताना खरखरतात. म्हणून टेप लावण्याआधी मी नुसतं यंत्र ऐकतो.

तुमच्या घरी अशी टेप असेल तर आहे तशी द्या. ॲपमधून ‘साफ’ करून आणू नका. एकदा गेलेला पंचम कुठल्याही इक्वलायझरनं परत येत नाही. आणि कॉपी झाली म्हणून मूळ टेप टाकू नका.