दारें धरणें

शेतकऱ्याच्या भाषेंत पिकास पाणी देण्याच्या कामास 'दारें धरणें' असें म्हणतात. एका वाफ्याचें तोंड मातीनें बुजवावयाचें व दुसऱ्याचें फोडावयाचें, हेंच तें दार. शहरांत वाढलेल्या विद्यार्थ्यांस हा शब्दप्रयोग चमत्कारिक वाटतो. परंतु कालव्याचें सारें मर्म त्यांत आलें आहे. नदी आपल्या उतारानें वाहते. कोणास किती पाणी मिळालें याचा हिशेब ती ठेवीत नाहीं. कालव्यास मात्र दार असतें, आणि दार म्हटलें कीं तें केव्हां व कोणासाठीं उघडावें हा प्रश्न आलाच.

दौंड तालुक्यांतील कासुर्डी हें गांव पुणें-सोलापूर रस्त्यावर, यवतजवळ आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येतां येतां थकून जातो. म्हणून या भागाचें लक्ष आकाशाइतकेंच खडकवासल्याकडे लागलेलें असतें. मुठा नदीवरील तें धरण कर्नल फाइफ यांच्या योजनेप्रमाणें १८६९ सालीं बांधावयास घेतलें व सुमारें दहा वर्षांत पुरें झालें. त्याचा जुना उजवा कालवा पाटसपर्यंत आला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही धरण भंगलें. तें पुन्हां उभारण्यांत आलें. नवा उजवा कालवा आतां इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. पानशेत, वरसगांव, टेमघर व खडकवासला मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी सांठतें. त्यांत खडकवासल्याचा वांटा दोन अब्जांहूनही किंचित् कमी. परंतु वरच्या तिन्ही धरणांचें पाणी तेथेंच उतरतें आणि कालव्याचें पहिलें दारही तेथेंच आहे. पुणें शहराची तहानही याच पाण्यावर भागते.

एका उन्हाळ्यांत आवर्तन चालू असतां मी कांहीं विद्यार्थ्यांसह कासुर्डीच्या शिवारांत गेलों होतों. चारीच्या कडेला एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांचा भुईमूग माना टाकूं लागला होता. शेजपाळीप्रमाणें त्यांची पाळी मात्र रात्रीं दोन वाजतां होती. एका मुलानें विचारलें, "आजोबा, पाणी तर समोरूनच चाललें आहे. आतांच दार उघडलें तर कोण पाहतो?"

ते म्हणाले, "टोकाचा माणूस बघतोय की, लेकरा. तिथं धार बारीक झाली, की त्याला कळतं वर कुणीतरी दार उघडलंय."

टोकाच्या शेतास आधीं पाणी द्यावें व मग क्रमानें मुखाकडे यावें, हा नियम पुष्कळांस ठाऊक असतो. २००५ च्या कायद्यानें पाणीवांटपाचें काम शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याची सोय केली. परंतु कायदा कांहीं चारीवर रात्रभर जागत नाहीं. तेथें असा एखादा म्हाताराच लागतो, जो सुकणाऱ्या पिकाकडे पाहत असूनही हात आवरतो.

पुण्यांत राहणारे आपण सर्व त्या चारीच्या मुखाशीं बसलेलों आहोंत. शहरांत वापरलेलें पाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यांत सोडण्याची योजना झाली आहे. ती उपयुक्त खरी, पण तिनें आपली जबाबदारी फिटत नाहीं. वसतिगृहांतील नळाची तोटी हेंही त्याच कालव्याचें एक धाकटें दार आहे. विद्यार्थिमित्रांनो, तें नीट बंद करणें एवढें काम तरी आज सायंकाळपासूनच आपल्या हातीं आहे.