शी या शब्दाचे दोन अर्थ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी लसीकरणावर लिहिते म्हणाले. "ते दरवर्षी येतं हो डॉक्टर. तुम्ही पाळणाघरातल्या मावशींना शिकवता ना, त्यावर लिहा." शिकवते. काय शिकवते, ते त्यांनी विचारलं नाही. मी शिकवते ते लंगोट कसा बदलावा, शी कशी धुवावी आणि त्या वेळी मुलाशी काय बोलावं. तेव्हा वाचकांनी चिवडा आधी संपवावा.

होकार दिला त्यालाही कारण आहे. मागच्या पावसाळ्यात सव्वातीन वर्षांचा एक मुलगा आला होता. तीन आठवडे जुलाब, दिवसातून सहा-सात वेळा चड्डी खराब. बाहेर गर्दी होती. मी ओआरएस आणि झिंक लिहून दिलं. आठ दिवसांनी तो परत आला, तेव्हा कुठे पोटावर नीट हात ठेवला. खाली डाव्या बाजूला कडक गोळा लागला. जुलाब नव्हतेच, बद्धकोष्ठ होतं. मूल शी दाबून धरतं, ती आत सुकते, गुदाशय ताणून सैल पडतो. एकदा सैल पडला की भरल्याची जाणीवही जाते, आणि वरची पातळ शी त्या खड्याच्या कडेने नकळत गळत राहते. मूल मुद्दाम काही करत नसतं. त्याला ती कळतच नाही.

दाबायला का लागला? आईनं हळूहळू सांगितलं. पाळणाघरात एकदा चड्डीत झाली. तिथल्या ताईंनी त्याला सगळ्यांसमोर कोपऱ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "शीऽऽ, घाणेरडा!" मग बाकीची मुलंही तेच म्हणाली. पुढचे चार दिवस त्यानं केलीच नाही.

आपल्या भाषेत या एका अक्षराला दोन कामं आहेत. जे होतं तेही 'शी' आणि किळस आली की तोंडातून निघते तीही 'शी'. मोठ्यांना सुरावरून फरक कळतो. तीन वर्षांच्या मुलानं तो कसा ओळखायचा? आपण त्याला विचारतो "शी आली का?" आणि तो सांगायला आला की नाक मुरडून तोच शब्द त्याच्या तोंडावर मारतो.

गंमत म्हणजे उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे. "बाळाची शी काय घाण असते का?" असं म्हणत आजी पदरानंच पुसून घेते. असते हो, घाण असते. आमांशाच्या शिगेला जंतूचे 10 ते 100 कण पोटात गेले तरी पुरतात. 'अ' प्रकारच्या काविळीत लहान मुलाला बहुधा काही होतच नाही. ते हसत खेळत असतं आणि पिवळे पडतात ते त्याला धुणारी मावशी किंवा घरी त्याचा बाबा. पोलिओचे थेंब घेतलेल्या बाळाच्या शीतून लशीतला विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. हे सांगितलं की लोक घाबरून हातमोजे विकत आणतात. मग त्याच हातमोज्यांनी दाराची कडी, नळ आणि पावडरचा डबा धरतात. (पावडर नकोच, ती बाळाच्या श्वासात जाते.) सॅनिटायझरच्या बाटलीवरही लोकांचा फार विश्वास. नोरोव्हायरस आणि जिआर्डिया तिला दाद देत नाहीत. साबण, वाहतं पाणी आणि 20 सेकंद लागतात. मुलाचेही हात धुवायचे, ते सगळेच विसरतात. बदलण्याची गादी आधी साबणानं आणि मग ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. उलट केलं तर मळच क्लोरीन खाऊन टाकतो.

आता माझा जुना वाद. 'शू-शी सांगणाऱ्या मुलांनाच प्रवेश' अशी पाटी मी अजूनही पाहते, दीड-दोन वर्षांच्या मुलांसाठी सुद्धा. ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी 1962 साली 1170 मुलांच्या नोंदी छापल्या. मूल तयार दिसेपर्यंत थांबा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या मुलांना दिवसाची शू-शी जमायला सरासरी 28.5 महिने लागले. सरासरी, म्हणजे कितीतरी मुलांना त्याहून जास्त. (हेच गृहस्थ पुढे डायपरच्या जाहिरातीत दिसले, तेही सांगायला हवं.) यावर आज्या मला सांगतात, "आमची तर सहाव्या महिन्यापासून सांगत होती." त्याही खोटं बोलत नाहीत. दोन पायांवर बाळ धरून 'शूऽऽ' केलं की होते, कारण आवाज आणि क्रिया यांची सांगड बसते. पण त्यात शिकलेली असते ती आजी. तिला बाळाची वेळ कळते. दहा मुलांमागे एक मावशी असलेल्या खोलीत अशी आजी आणायची कुठून? स्नायूवर स्वतःचा ताबा बहुतेक मुलांना दीड वर्षानंतर येऊ लागतो, आणि धाक दाखवला की आलेला ताबा पुन्हा जातो. तरी पाटी आहे तिथेच आहे, कारण पालकांनाही ती आवडते. मूल 'हुशार' असल्याचा दाखला मिळतो.

बुडापेस्टला 1946 साली एमी पिकलर या डॉक्टरबाईंनी अनाथ बाळांसाठी घर काढलं. तिथे कपडे बदलण्याची वेळ उरकून टाकायची नव्हती. दाईनं बाळाला आधी सांगायचं, त्याच्या उत्तरासाठी थांबायचं आणि मगच पाय उचलायचा. आम्ही मावशींना तेच मराठीत शिकवतो: "आता ओलं काढूया हं. बूड वर घेशील?" आठ महिन्यांचं बाळ खरंच बूड उचलतं. पहिल्यांदा ते पाहून मावशी हसतात, मग गप्प होतात. आपल्याकडे 1945 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. मुलांना स्वच्छ करणं हा तिथे शिक्षणाचाच भाग होता. आज मात्र ताई शिकवतात आणि मावशी धुतात. पगार कोणाचा कमी, ते सांगायला नको. आणि बहुतेक ठिकाणी तीच मावशी अकरा वाजता केळी सोलते.

कायदा मागे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 48 व्या कलमात मुलांचे कपडे धुण्या-बदलण्याच्या सोयीचा उल्लेख होता. 2017 पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. कागदावर सगळं आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेच्या स्वच्छतागृहात लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडली आणि त्यानंतर पाळणाघर चालवणाऱ्यांचे मला फोन येऊ लागले. "डॉक्टर, बाथरूममध्येच कॅमेरा लावू का?" नका लावू. तिथे अर्धं दार हवं, म्हणजे बाकीच्या मुलांना दिसणार नाही पण उभ्या मोठ्या माणसाला दिसेल. कोण कोणाला घेऊन गेलं याची वहीत नोंद हवी. आणि "नको" म्हणणाऱ्या मुलाचं ऐकणारी मावशी हवी. जे मूल रोज विचारल्याशिवाय उचललं, सोललं आणि पुसलं जातं, त्याला "कोणी हात लावला तर सांग" हे वाक्य कसं कळणार? हे मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते. नंतर चहाच्या वेळी कोणीतरी हमखास विचारतं, कोणत्या कंपनीचा कॅमेरा चांगला.

त्या सव्वातीन वर्षांच्या मुलाचं औषध सात महिने चाललं. पाळणाघर बदललं. नव्या ठिकाणी जेवणानंतर पायाखाली पाट देऊन त्याला निवांत बसवतात. आता बरा आहे. पण पहिल्या भेटीनंतरचे ते आठ दिवस माझ्या नावावर आहेत.

नातवंडासाठी पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरचं मिकी माऊस राहू द्या. मूल बदलतात ती जागा दाखवा म्हणा, तिथून नळ किती पावलांवर आहे ते मोजा, आणि मावशींना त्यांचं नाव विचारा.