पाटाच्या वरच्या अंगाला

बारामती म्हटलं की समोरचा माणूस हमखास राजकारणावर येतो. इंदापूर म्हटलं तर 'सोलापूर रोडवरचंच ना?' एवढं विचारून गप्प बसतो. त्याला तरी काय बोल लावायचा? आमच्या मुलखात बघण्यासारखं काय आहे, हे आम्हीच कधी कुणाला सांगितलं नाही. शाळेची सहल महाबळेश्वरला जायची, लग्न झालेली जोडपी गोव्याला, आणि पुण्याचा पाहुणा आलाच तर त्याला नेऊन दाखवायचा तो साखर कारखाना. निसर्ग म्हणजे कोकणाची मिरासदारी, आपल्याकडे नुसती शेती, हे ठरूनच गेलं होतं.

नोकरी संपवून गावी राहायला आल्यावर सकाळी फिरायला पाटाच्या कडेनं जाऊ लागलो. आमच्याकडचा खरा भूगोल या नीरा डाव्या कालव्यानं आखला आहे. 1876-78च्या दुष्काळानं हा भाग होरपळला, त्यानंतर इंग्रजांनी भाटघरला धरण बांधून पाणी इकडे आणलं. पाटाच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला माळ. खालचा माणूस वरच्या गावात मुलगी देताना दहादा विचार करायचा. खालच्या अंगाचं कौतुक भरपूर झालं, तेव्हा ते मी करत नाही. फक्त रात्रीच्या पाळीला दारं धरताना ओल्या काळ्या रानाचा जो वास येतो, तो मात्र सोडवत नाही. पोरपणी झोप मोडायची म्हणून त्या वासाचाही राग यायचा.

मला सांगायचं आहे ते वरच्या अंगाचं. पाऊस सरला की माळावर कुसळी पिकायला लागते. हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तांबूस होते आणि दिवाळीनंतर कलत्या उन्हात अख्खा माळ तांब्याच्या भांड्यासारखा उजळतो. धोतराला, पायजम्याला कुसळं अडकतात. ती घरी येऊन एकेक उपसत बसायचं. चंडोल गवतातून सरळ वर उडतो, वरच थांबून गात राहतो आणि दगड पडावा तसा खाली येतो. चिंकारा दिसला तर आधी दिसते ती त्याची हलणारी शेपटी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात, इंदापूरकडे कडबनवाडीच्या माळावर तो अजून आहे. मयूरेश्वर 1997 साली जाहीर झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण आहे.

सरकारी कागदात अशी जमीन पडीक. पडीक म्हटली की कुणाला तरी तिचं भलं करावंसं वाटतं. मग खड्डे खणून झाडं लावायची, फोटो काढायचे. झाडं चांगलीच, पण चिंकाऱ्याला, लांडग्याला, खोकडाला मोकळं गवत लागतं. सावली करून आपण त्यांचं घरच मोडतो. हे धनगराला कुणी शिकवावं लागत नाही. लांडगा त्याची मेंढरं उचलतो, तो लांडग्याला शिव्या घालतो, आणि तरी माळावर लांडगा असायचाच हे धरून चालतो. तुकोबांची पालखी काटेवाडीला आली की हीच मेंढरं तिच्याभोवती रिंगण घालतात. बेलवाडीच्या घोड्यांच्या रिंगणाला गर्दी जास्त असते. मला काटेवाडीचं थोरलं वाटतं. धुरळा, लोकरीचा उग्र वास, आणि माळावरचं जित्राब पालखीला प्रदक्षिणा घालतंय.

आणि बघण्यासारखं काही नसलेल्या या गावात बसून माणसांनी काय काय लिहिलं! श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत बारामतीत पुरं केलं, शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली. मोरोपंतांच्या आर्यांचा ओघ इथेच वाहिला. 1794 साली ते वारले तेही इथेच. दोघांच्या समोर होती ती कऱ्हा, वर्षातले कितीतरी महिने वाळूच जास्त दाखवणारी. तिच्या पलीकडच्या सुप्यात 12 मे 1875 रोजी बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या-खतांची होळी केली आणि दख्खनचं बंड सुरू झालं. शांत, सपाट मुलूख म्हणून आम्हाला हिणवणाऱ्यांनी हेही वाचावं.

पूर्वेला गेलं की एकदम पाणी लागतं. उजनी धरण 1980 साली झालं आणि भीमा भिगवणपर्यंत फुगून पसरली. जानेवारीनंतर पाणी ओसरू लागलं की कुंभारगावच्या दलदलीत रोहित उतरतात. त्याआधी थंडीत हिमालय ओलांडून पट्टकदंब आलेले असतात. होडी वल्हवणारा भोई 'हळू, उठतील' म्हणतो आणि लांबवर गुलाबी रेघ थरथरते. सुंदरच आहे. पण ज्या चिखलात रोहित चोच घालतात, तो कुणाचं तरी रान होता. पळसदेव गाव उठून वर हायवेजवळ आलं. जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यातच राहिलं. धरण तळाला जातं त्या उन्हाळ्यात ते उघडं पडतं. पुण्या-मुंबईचे लोक कॅमेरे घेऊन येतात, गावचे म्हातारे मात्र नारळ घेऊन जातात. त्यांच्यासमोर मला या जलाशयाचं नुसतं कौतुक करता येत नाही.

मोरगावच्या गणपतीला तुम्ही येताच. पुढच्या खेपेला परतीची घाई करू नका. तिथून लोणी भापकरला जा. मल्लिकार्जुनाचं देऊळ, त्याची पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आणि दगडातला यज्ञवराह पाहा. मग सुप्याच्या माळावर ऊन कलताना उभे राहा. गाडी रस्त्यावरच लावा, गवतात घालू नका. उन्हाळ्यात तर नकोच. टिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि ती चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.