टेआहुपोओची लाट

प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर टेआहुपोओ नावाचं गाव आहे. दूर दक्षिणेला वादळ उठलं, की त्याच्या लाटा काही दिवसांनी इथं पोचतात. खोल समुद्रातून एकदम उथळ प्रवाळावर आल्या, की त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात! फळीवरून घसरलात, तर खाली धारदार प्रवाळ. म्हणून इथली मंडळी आधी हवामानाचा अंदाज पाहतात. लाटा केवढ्या? कुठल्या दिशेच्या? वारा कसा? जमिनीकडून मंद वारा असला, तर लाट छान गुळगुळीत! २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधली लाटांवरची स्पर्धा इथंच झाली. हवामान बिघडलं तेव्हा तीही थांबली. पुरुषांचं सुवर्णपदक मिळालं ताहितीतच वाढलेल्या काउली वास्तला. थांबणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, बरं का!