खाऱ्या पाण्याचा उन्हाळा

मे महिन्यात पिंपळनेरला माझ्या मत्स्यटाकीतलं पाणी रोज खाली जातं. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ तिथंच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, मिठाच्या नव्हे. समुद्राचं पाणी घरात सांभाळायचं तर खानदेशात आधी हे अंगवळणी पाडावं लागतं.

टाकी दोनशे लिटरची आहे. पाणी, काच आणि स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या आसपास जातं, म्हणून ती खालच्या खोलीत, फरशीवर. लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ लागतं. ते मी बादलीत आधी विरघळवतो, रात्रभर पंप लावून पाणी फिरवतो आणि मगच टाकीत घालतो. मी मीठ मोजायला बसलो की आई म्हणते, "इतलं मीठ कसाले टाकस रे भाऊ?" खाण्याचं मीठ यात चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसह बाकीचे क्षारही प्रमाणात असावे लागतात.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतं. ते तसंच ओतलं तर शेवाळ माजतं. त्यामुळे आरओचं पाणी रेझिनच्या नळकांड्यातून पुन्हा काढतो आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय वापरत नाही. क्षारता पाहायला रिफ्रॅक्टोमीटर आहे. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण टेकवायचं आणि खिडकीकडे तोंड करून पाहायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतो ती रेघ 35 वर हवी. हे यंत्रही सरकतं, म्हणून मधूनमधून 35 च्या प्रमाणित द्रावणाने ते जुळवून घेतो.

टाकीत क्लाउनफिशची जोडी, थोडे खेकडे, गोगलगायी आणि सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आहेत. प्रवाळ ठेवलेलं नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीत. मालवणला पाण्याखाली डोकं घालून ते पाहून आलो, ते तिथेच वाढो. मासेसुद्धा समुद्रातून पकडलेले नकोत असं माझं ठाम मत आहे. क्लाउनफिश अंड्यापासून वाढवता येतात, आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात हे काम झालेलं आहे.

बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि या माशांना पाणी हवं पंचवीस ते सत्तावीस अंशांचं. थंडीत हीटर लागतो, पण खरी लढाई उन्हाळ्याची. चिलर महाग. मी टाकीचं काचेचं झाकण काढून जाळी लावली (क्लाउनफिश उडी मारतात) आणि पाण्यावरून तिरका वारा जाईल असे दोन छोटे पंखे बसवले. माठाचंच तत्त्व. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, ती दोनशे लिटर पाणी जवळजवळ तीन अंशांनी उतरवायला पुरेल इतकी असते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय अर्धवट लागू पडतो, आमच्या कोरड्या हवेत मात्र तो चोख चालतो. त्याच वाऱ्याने पाणी जास्त उडतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ भर घालावी लागते.

विजेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मीठ वायरीवर चढतं, प्लगापर्यंत पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, आणि ओलं मीठ वीज वाहून नेतं. माझा बोर्ड टाकीच्या बाजूला उंचावर आहे. तरीही प्रत्येक वायरीला बोर्डाखाली झोळ ठेवलाय, म्हणजे ओघळ आला तर तो झोळाच्या तळाशी ठिबकेल, पिनेत शिरणार नाही. टाकीसाठी वीजगळती होताच पुरवठा तोडणारा वेगळा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे आणि त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून पाहतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी ओततो. हात पाण्यात घालण्याआधी मुख्य बटण बंद. हीटर बंद केल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच पाणी उपसायचं, नाहीतर तापलेली काचनळी उघडी पडून तडकते.

लाइट गेली की आधी प्राणवायू कमी पडतो, गरम पाण्यात तर तो मुळातच कमी विरघळतो. इन्व्हर्टरवर फक्त पाणी फिरतं ठेवणारा पंप आहे, जोडीला सेलवर चालणारा हवेचा पंप. तेवढा वेळ खाणं बंद.

पंप महिन्यातून एकदा उघडावाच. पुढची टोपी फिरवून पंखी ओढली की चुंबकावर तपकिरी चिकटा आणि चुन्याचे खडबडीत कण दिसतात. निम्म्या पाण्यात निम्मा पांढरा व्हिनेगर घालून ती तासभर भिजवतो, जुन्या टूथब्रशने घासतो, सिरॅमिकचा दांडा चिरलेला नाही ना ते पाहतो. व्हिनेगर आणि ब्लिचिंग कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

हातावर खरचटलं असेल तर कोपरापर्यंतचे हातमोजे. मत्स्यटाक्यांमध्ये मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जंतू आढळतो, जखमेतून शिरून तो लवकर बरी न होणारी गाठ उठवतो. अशी गाठ आली तर डॉक्टरांना टाकीचं आवर्जून सांगावं. पाणी ओढताना नळी तोंडाला लावायची नाही.

झोअँथिड नावाचे रंगीत मऊ जीव मला पुन्हापुन्हा देऊ केले जातात, आणि मी नाही म्हणतो. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, माहीत असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतलं प्रवाळ साफ करताना हे विष सुटलं आणि अख्खं कुटुंब रुग्णालयात गेलं. हे जीव चिकटलेले दगड उकळायचे नसतात, गरम पाण्याने धुवायचे नसतात, ब्रशने घासायचेही नसतात. घरात लहान मुलं आहेत, मला तो रंग नको.

लग्नसराईत गावाला जावं लागतं, तेव्हा टाकी पुतण्याकडे. त्याच्यासाठी काचेवर पाण्याच्या पातळीला पट्टी चिकटवली आहे: भर या रेघेपर्यंत, निळ्या झाकणाच्या कॅनमधूनच. खाणं दिवसागणिक बांधून ठेवलेल्या पुड्यांतलं. टाकीत हात घालायचा नाही, आणि आरसीसीबी पडला तर तो परत चढवायचा नाही, आधी मला फोन करायचा.