स्लॅब, क्लिंकर आणि इंटरफेस

मागच्या उन्हाळ्यात कोरपन्यात आमच्या घराचा स्लॅब पडला. पडला म्हणजे टाकला, कोसळला नाही :-) शनिवार आहे म्हणून गावच्या गप्पा, असं समजू नका. शेवटी जावा येणारच आहे.

तर, सकाळी सातला मिक्सर सुरू झाला आणि अकराला मिस्त्री वरून ओरडले, "भाऊ, पंधरा बॅगा कमी पडते!" स्लॅब मधेच थांबवला तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच गळतं. मी पळत दुकानात. आमच्या कंपनीचा माल संपलेला. फोन लावला.

"कंपनी कोणतीबी चालते. ५३ पायजे. पीपीसी नका आणू."

झालं, इंटरफेस समजला! ५३ ग्रेड म्हणजे ठरलेल्या चाचणीत २८ दिवसांनी किमान ५३ मेगापास्कल ताकद. भट्टी कोणाची, याच्याशी मिस्त्रींना काही घेणं नाही. त्यांना फक्त वचन हवं.

मग ॲबस्ट्रॅक्ट क्लास कुठे? तोही आमच्याच तालुक्यात. गडचांदूर, आवाळपूरच्या कारखान्यांत चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर नावाचे गोटे बनतात. नुसत्या क्लिंकरनं घर बांधता येत नाही. त्यात जिप्सम घालून दळलं की ओपीसी, सोबत औष्णिक केंद्राची राखही घातली की पीपीसी. बरीचशी कृती एकच, शेवटची पायरी ज्याची त्याची. क्लिंकरचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही, बस.

थोडक्यात, वापरणाऱ्याला वचन हवं तिथे इंटरफेस, बनवणाऱ्यांची कृती सामायिक असेल तिथे ॲबस्ट्रॅक्ट क्लास.

हे मला आधी कळलं असतं तर! एका प्रोजेक्टमध्ये मी 'पेमेंट' नावाचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास लिहिला आणि त्यात कार्डाचा नंबर, मुदत, सगळं कोंबलं. कोड वाचतो ना! पुढे यूपीआय जोडायची वेळ आली. त्याला कार्डच नाही. मग चार मेथड ओव्हरराइड करून रिकाम्या ठेवल्या. त्यातली एक रिफंडच्या वेळी गुपचूप काहीच न करता परतायची. लोकांचे पैसे अडकले आणि दोन रात्री आम्ही जागलो. वारशात आलेली मेथड रिकामी ठेवावी लागली की समजावं, वारसा चुकलाय.

जावात क्लासला बाप एकच, इंटरफेस मात्र कितीही. २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथडही लिहिता येते, त्यामुळे "फरक उरला काय?" असं नवी मुलं विचारतात. उरला ना. ऑब्जेक्टची स्वतःची फील्ड्स आणि कन्स्ट्रक्टर अजूनही क्लासकडेच आहेत.

आता राहिलं "पीपीसी नका आणू". पाणी घातलं की दोन्ही घट्ट होतात, कंपायलरनं दोन्ही चालवून घेतली असती. पण पीपीसीची ताकद सुरुवातीला सावकाश चढते, फळ्या काढायचे दिवस बदलतात. सही जुळली म्हणून वागणूक जुळतेच असं नाही. मिस्त्रींना ते अनुभवानं माहीत होतं. आपल्याला ते टेस्टमध्ये लिहून ठेवावं लागतं.

असो. पंधरा बॅगा वेळेत पोचल्या. पहिला पावसाळा गेला, स्लॅब गळला नाही. पेमेंटचा तो क्लास मात्र अजून तसाच आहे. सोमवारी बघतो.