जीपचे डिझेल आणि शेजारधर्म



बुऱ्हाणपुरास आमच्या आवारात एक जुनी जीप आहे. ती नावाला आमची; वस्तुतः साऱ्या शेजाऱ्यांची. कुणाला रात्रीची आगगाडी गाठावयाची असते, कुणाच्या लेकीला बाळंतपणासाठी रावेरहून माहेरी आणावयाचे असते, कुणाच्या केळीच्या बागेतला पंप बिघडून शहरात न्यावयाचा असतो. ही मागणी आम्हांस कधी ओझे वाटली नव्हती. परंतु २०२१ साली आपल्या राज्यात पेट्रोल लिटरला १०० रुपयांच्या पुढे गेले, डिझेलही त्याच्या पाठोपाठ चढले, आणि आमच्या मनात हिशेबाने घर केले.

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलाचा पाचातील चार भागांहून अधिक हिस्सा परदेशांतून आणतो. त्यावर केंद्राचा कर, शिवाय राज्याचा. त्यामुळे २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा त्याची झळ तापीकाठच्या शेतकऱ्यालाही लागली. २२ मे २०२२ पासून केंद्राने पेट्रोलवरील कर ८ रुपयांनी व डिझेलवरील ६ रुपयांनी उतरविला. थोडा श्वास घेता आला. जुने दर मात्र परत आले नाहीत.

त्याच पावसाळ्यातील गोष्ट. एका रात्री आमचा एक जुना स्नेही, यंत्रमागावर काम करणारा, दारी आला. म्हणाला, "फादर, आईला उद्या खंडव्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. जीप निघेल काय?"

आमच्या डोळ्यांपुढे आकडे उभे राहिले. खंडव्यास जाऊन येऊन सुमारे १४० किलोमीटर. आमची जीप लिटरला १४ किलोमीटर धावते. म्हणजे १० लिटर डिझेल. लिटरला ९० रुपये धरले तरी ९०० रुपये झाले. आम्ही म्हणालो, "दादा, सकाळी रेल्वे आहे की. तिनेच जा."

"बरं, फादर," एवढेच बोलून तो गेला.

दोन दिवसांनी कळले की गर्दीच्या डब्यात म्हातारीला बऱ्हाणपूर ते खंडवा उभ्याने जावे लागले. देवाच्या कृपेने तिची प्रकृती सुधारली. पण तो स्नेही पुढे कित्येक आठवडे आमच्याकडे काही मागावयास आला नाही. रविवारी भेटे, नमस्कार करी आणि निघून जाई. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून वेदीवरून सांगणारे आम्ही. तो नमस्कार आम्हांस जड जाऊ लागला.

अखेर आम्ही त्याच्या घरी गेलो आणि खरे ते सांगितले. चहाची कपबशी पुढे करीत म्हातारी म्हणाली, "फादर, तुमची अडचण आधी सांगितली असती, तर डिझेल आम्ही मिळून भरलं असतं. तुम्ही गप्प बसलात. आम्हांला वाटलं, आमचा कंटाळा आला."

वाचकहो, आमची चूक तिने नेमकी दाखविली. आमच्याजवळ पैसे थोडे होते, हा दोष नव्हे. ते लपवून आम्ही रेल्वेची सबब पुढे केली, हा दोष होता.

पुढच्या रविवारी सर्वांना बसवून हिशेब उघडा केला. ठरले ते असे: खंडव्याची फेरी गुरुवारी, ज्यांची कामे असतील त्यांनी एकत्र जावे. जीपमध्ये एक पत्र्याचा डबा; ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे, कुणी कुणाचे मोजू नये. जवळच्या घरभेटींस आम्ही सायकलने जावे. अत्यवस्थ रोग्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास वेळ लागेल, तर जीप कोणत्याही घटकेला निघेल, पैशाचा शब्द न काढता. डबा काही भरून वाहत नाही. पण ज्याच्यापाशी पैसा नाही तो केळीचा घड आणून देतो, गॅरेजवाला मित्र मजुरी घेत नाही, आणि जीप चालते.

आपल्या शहराचा कुंडी भंडारा अनेकांनी पाहिला असेल. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरचे पाणी भूमीखालून शहरात आणले गेले. त्याला ना पंप लागला, ना इंधन. एका कुंडीतले पाणी दुसरीत जाते, दुसरीतले तिसरीत. मध्येच एखादी कुंडी बुजली, तर पुढच्या साऱ्या कोरड्या पडतील. त्या रात्री आम्ही तशीच एक बुजलेली कुंडी झालो होतो.

महागाई उद्या उतरेल की चढेल, ते आपल्या हाती नाही. अडचण असेल तर ती शेजाऱ्याला मोकळेपणाने सांगावी, एवढे मात्र आहे. येत्या गुरुवारी जीप सकाळी सहाला निघेल. दोन जागा अजून रिकाम्या आहेत.